लाइव्ह लूपिंग: घरून काय ठरवून न्यायचं आणि स्टेजवर काय सुचू द्यायचं

नाशकात आता कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या कॅफेत, वायनरीच्या लॉनवर, सोसायटीच्या गणपतीत एकटाच माणूस गिटार, माइक आणि पायाखाली लूपर (वाजवलेला तुकडा तिथंच रेकॉर्ड करून परत परत वाजवणारं पेडल, त्यावर थर चढवत जायचे) घेऊन बसलेला दिसतो, आणि हे बघून ज्याला स्वतः करावंसं वाटतं त्याचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो की सगळं पाठ करून जायचं का तिथं गेल्यावर सुचेल तसं वाजवायचं. दोन्ही बाजूंनी हिरीरीने बोलणारे लोक आहेत. एक म्हणतो, तयारी नसेल तर लूपर तुमचं वाटोळं करतो. दुसरा म्हणतो, सगळं ठरलेलंच असेल तर मग सरळ ट्रॅक लावा आणि त्यावर गा, पेडल कशाला.

माझं म्हणणं सरळ आहे. सगळ्यात खालचा थर पूर्ण तयार पाहिजे, वर जाल तशी मोकळीक वाढली पाहिजे, आणि संपवायचं कसं हे मात्र कायम घरून ठरलेलं पाहिजे. कारण लूपमध्ये जे गेलं ते परत परत येतं. पाच सेकंदांच्या लूपमध्ये ठेका जरासा घसरला तर ते घसरणं मिनिटाला बारा वेळा ऐकू येतं, आणि त्यावर दोन थर चढले की ते काढताही येत नाही. उलट वर जे मोकळं गाताय किंवा वाजवताय ते एकदा गेलं की गेलं, तिथं धोका पत्करायला काहीच हरकत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

ही कल्पना आपल्याला नवी नाही

लूपिंग म्हणजे परदेशी काहीतरी असं वाटत असेल तर तबल्याचा सोलो आठवा. हार्मोनियमवाला किंवा सारंगीवाला एकच लेहरा धरून बसतो, सोळा मात्रांची तीच ओळ, पंधरा-वीस मिनिटं, आणि तबलजी त्यावर कायदे, रेले, तुकडे मांडत जातो. लेहरा ठरलेला, वरचं उपजेचं म्हणजे जागेवर सुचलेलं, दोघांची भेट समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. भजनात ध्रुवपदाची ओळ टाळकरी धरून ठेवतात आणि बुवा मोकळे सुटतात, तेही तेच. लूपर पेडल म्हणजे तुमचा लेहरा धरणारा माणूस, फक्त तो तुमची चूकही तितक्याच निष्ठेने धरून ठेवतो, समोरच्याची लय बघून सांभाळून घेत नाही.

पाश्चात्त्य बाजूने बघायचं तर 1960 च्या दशकात अमेरिकन संगीतकार टेरी रायलीने दोन टेप रेकॉर्डर जोडून हे सुरू केलं, आणि हाच रायली पुढे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. 1970 च्या दशकात ब्रिटिश गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने गिटारवर तेच तंत्र पुढे नेलं. मग पेडल आली, आणि 2004 मध्ये गायिका केटी टनस्टॉल बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात ऐनवेळी दुसऱ्याच्या जागी गेली आणि आकाई हेडरश नावाच्या एका लूपर पेडलवर अख्खं गाणं उभं करून आली. ते गाणं, त्याचे थर, सगळं तिचं ठरलेलं होतं. दुसऱ्या टोकाला मार्क रबिये आहे, जो पाच ट्रॅकच्या लूपरवर जागेवर सुचेल ते करतो, शब्दसुद्धा. दोघांचेही व्हिडिओ शांतपणे बघा, पण बोटांकडे आणि पायांकडे बघा. रबियेचा सूर, शब्द, विषय मोकळे असतात, पण कुठलं बटण कधी दाबायचं यात तो विचार करत थांबत नाही. ती तयारीच आहे, फक्त गाण्याची नाही, हातांची.

पायरी पहिली: आवाजाचा रस्ता पक्का करा

इथं इम्प्रोवाइज करायला काहीच नाही, सगळं घरी ठरवायचं. एका बटणाचं साधं पेडल (टीसीचं डिट्टो किंवा बॉसचं आरसी-1 या जातीचं) गिटारसाठी बनलेलं असतं, त्यात माइक थेट लागत नाही. गायचं असेल तर माइक आधी छोट्या मिक्सरमध्ये, मिक्सरच्या सेंड किंवा आउटमधून लूपरमध्ये, तिथून हॉलच्या सिस्टिमला. बॉसच्या आरसी-505 सारख्या टेबलटॉप लूपरला माइकची एक्सएलआर जागा आणि फँटम पॉवर (काही माइकना लागणारी वीज) असते, पाच स्वतंत्र ट्रॅक असतात, प्रत्येकाला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) असतो. पहिल्यांदा घेताय तर एका बटणाचंच घ्या असं मी सांगेन, कारण पाच ट्रॅक हातात आले की माणूस पाचही भरतो आणि गाण्याचं पिठलं होतं.

आवाजाचं एक गणित लक्षात ठेवा. सारख्या जोराचे दोन वेगवेगळे थर एकत्र आले की एकूण आवाज साधारण 3 डेसिबलने वाढतो, चार झाले की 6, आठ झाले की 9. म्हणून पहिला थर तुम्हाला योग्य वाटतो त्यापेक्षा हळूच रेकॉर्ड करायचा. साउंडचेकला एकच थर वाजवून आवाज ठरवून बसलात तर चौथ्या थराला सिस्टिम फाटायला लागते आणि साउंडवाला सगळंच खाली घेतो, मग तुमचं गाणंही खाली जातं. साउंडचेकला पूर्ण बांधलेला लूप वाजवून दाखवा, त्यावर गा, आणि त्याला सांगा की एवढ्या वर जाणार नाही.

दुसरं म्हणजे मॉनिटर, स्टेजवर तुमच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. माइक उघडा ठेवून ओव्हरडब करताय, म्हणजे चालू लूपवर नवा थर चढवताय, आणि मॉनिटरमधून लूप जोरात येतोय, तर तो लूप परत माइकमधून लूपमध्येच जातो. दर थराला आवाज गढूळ होत जातो. साधा डायनॅमिक माइक वापरा, तोंडाजवळ धरा, मॉनिटर माइकच्या पाठीमागे राहील असा ठेवा, जमलं तर कानात इअरफोन घाला. गिटारचा थर टाकताना माइक बंद. हे बोटाच्या सवयीत बसलं पाहिजे.

पायरी दुसरी: पाय तयार करा

लोक गळ्याची आणि हाताची तयारी करतात आणि पाय तसाच राहतो. लूपिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचा क्षण म्हणजे लूप बंद करण्याचा, म्हणजे तालाची एक फेरी, आवर्तन, पूर्ण होऊन पुढची सम येते तो. पाय नेमका समेवर पडला पाहिजे. बरेच जण शेवटच्या मात्रेनंतर हात थांबवतात आणि मग पाय दाबतात, तिथं उशीर होतो. वाजवणं थांबवायचंच नाही, समेवरची पुढची धासुद्धा वाजवायची आणि त्याच क्षणी पाय. म्हणजे लय तुटत नाही आणि मागच्या स्वराची शेपटीही कापल्यासारखी वाटत नाही.

याचा रियाज असा करा. पेडल बंद, नुसता ठेका हाताने वाजवा आणि दर समेला पाय दाबा. कंटाळवाणं आहे, पण दहा मिनिटं रोज करा. मग पेडल चालू करून फक्त पहिला थर रेकॉर्ड करा, दोन आवर्तनं ऐका, पुसा, परत करा. वर काही वाजवायचं नाही. लागोपाठ दहा वेळा लूप न लंगडता बसला की मग पुढे जा.

स्वतःच्या पेडलचं एक नीट बघून ठेवा: पहिलं रेकॉर्डिंग संपवल्यावर ते नुसतं वाजवायला लागतं का लगेच ओव्हरडबमध्ये जातं. बऱ्याच पेडलमध्ये हे सेटिंगमधून बदलता येतं. मी नुसतं वाजणारं निवडायला सांगेन, कारण पहिला थर झाल्यावर एक आवर्तन नुसतं ऐकायचं असतं. आणि प्रत्येक थरानंतर ओव्हरडबमधून बाहेर या. बऱ्याच पेडलवर अंडू केलं (शेवटचा थर पुसला) की शेवटच्या ओव्हरडबमध्ये जेवढं गेलं तेवढं सगळं जातं, तुम्ही बाहेर न येता तीन आवर्तनं वाजवत राहिलात तर चांगलंवाईट सगळं एकदमच पुसलं जाईल.

पायरी तिसरी: ताल, लय आणि लूपची लांबी

हे आकड्यात ठरवा. एका मात्रेला लागणारे सेकंद म्हणजे 60 भागिले लय. मिनिटाला 96 मात्रा ठेवल्या तर एक मात्रा 0.625 सेकंदाची, केरव्याच्या 8 मात्रा बरोबर 5 सेकंदांत, 16 मात्रा 10 सेकंदांत. रूपकच्या 7 मात्रा 105 च्या लयीत 4 सेकंद. झपतालाच्या 10 मात्रा 100 च्या लयीत 6 सेकंद.

हे का मोजायचं ते सांगतो, कारण श्रोत्यांचा कंटाळा इथंच तयार होतो. समजा तुमचा लूप 16 सेकंदांचा आहे आणि पाच थर टाकायचेत. प्रत्येक थराला एक आवर्तन धरलं तरी 80 सेकंद लोक नुसतं बांधकाम बघत बसतात, आणि प्रत्येक थरानंतर एक आवर्तन ऐकलंत तर अडीच मिनिटांच्या पुढे. एवढ्या वेळात मिसळ येते, फोन निघतात, गप्पा सुरू होतात आणि त्यात त्यांची चूक नाही. म्हणून लूप लहान ठेवा, थर तीन ठेवा, आणि बांधता बांधताच गायला सुरुवात करा. पहिला थर पडला की त्यावर लगेच पहिली ओळ येऊ द्या, दुसरा थर ओळींच्या मधल्या जागेत टाका. हे जमायला लागलं की श्रोत्यांना बांधकाम दिसतच नाही, गाणं दिसतं.

पेडलमधला तयार क्लिक (लय मोजणारी टिकटिक) किंवा ड्रम वापरायचा का? चार मात्रांच्या हिशोबात असाल तर वापरा. रूपक, झपताल करायचा असेल तर आधी तुमच्या पेडलच्या क्लिकमध्ये सात-पाचचा हिशोब आहे का बघा, नसेल तर क्लिक बंद करा आणि स्वतःच्या हाताने सम धरा. एका ट्रॅकच्या पेडलवर वरचा थर सहसा खालच्या थराच्या लांबीतच बसतो, म्हणजे 16 मात्रांची ओळ वर टाकायची असेल तर पाया, म्हणजे सगळ्यात खालचा थरच, 16 मात्रांचा करा, केरवा दोनदा वाजवून. हे स्टेजवर लक्षात आलं तर उशीर झालेला असतो.

पायरी चौथी: सूर, म्हणजे राग आणि थर यांचं भांडण

हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटतो आणि यावर कुणी फार बोलत नाही. रागात सूर एकामागून एक येतात, लूपमध्ये ते एकावर एक बसतात. यमनमध्ये तीव्र मध्यमावरून पंचमावर जाणं किती सुंदर वाटतं, पण एका थरात तीव्र मध्यम धरलेला आणि दुसऱ्यात पंचम धरलेला असेल तर दोघं एकमेकांना घासतात, कानाला टोचतं. भैरवीत दोन्ही रिषभ घ्यायची आपली सवय आहे, ती वरच्या मोकळ्या गायनात घ्या, लूपमध्ये दोन्ही टाकले तर संपलं.

सुरुवातीला पाच सुरांचे राग घ्या. भूपमध्ये सा रे ग प ध, मध्यम-निषाद नाहीत, त्यामुळे कुठलाही थर कुठल्याही थरावर बसला तरी अर्ध्या सुराची टक्कर होत नाही. दुर्गाचंही तसंच, सा रे म प ध. इथं मोकळं सुटायला भीती नाही. पण राग राखायचा असेल तर पायाच्या थराकडे लक्ष द्या. भूप आणि देशकार दोघांचे सूर तेच, भूपमध्ये गंधार वादी (रागाचा मुख्य सूर), देशकारात धैवत. तुमच्या पायाच्या लूपमध्ये धैवतावर ठाशीव थांबा पडला आणि तो दर आवर्तनाला येत राहिला तर तुम्ही वर कितीही भूप गा, जाणकाराला देशकारच ऐकू येणार. म्हणून पायाच्या थरात सूर फक्त सा आणि प ठेवा. रागाचा चेहरा वरच्या मोकळ्या गायनातून येऊ द्या, तिथं तो हलू शकतो.

षड्ज कुठला, हे कागदावर लिहा. काळी एक असेल तर गिटारला पहिल्या घरात कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावून सीचा आकार धरा. सोबतीला हार्मोनियम असेल तर ती नेमकी 440 हर्ट्झच्या ठरलेल्या हिशोबात मिळवलेली असेलच असं नाही, आधी ट्यूनरवर बघा आणि गिटार तिच्याशी मिळवा, उलटं होत नाही.

तानपुरा लूप करू नका. फोनवरच्या अॅपमधून किंवा इलेक्ट्रॉनिक पेटीतून वेगळ्या चॅनेलवर सोडा. का, ते पुढे अडचणींच्या भागात येईल.

पायरी पाचवी: एक कागद, अर्ध्या पानाचा

विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपली स्वरलिपी बसवली, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते आपल्या नाशकातच रामनाम आधार आश्रमात राहिले. त्यांच्या गावातल्या माणसाने कागदावर लिहायला लाजू नये. पण अख्खं गाणं लिहायचं नाही. अर्धं पान, तीन रकाने.

पहिला रकाना ठरलेल्याचा: षड्ज, लय, ताल, लूपची लांबी, पायाचा थर बोलासकट, आणि शेवट. दुसरा अर्धवट ठरलेल्याचा: इथं सूर लिहायचे नाहीत, काम लिहायचं. म्हणजे "दुसरा थर, खालच्या तारा, फक्त सा-प, जागा भरपूर" किंवा "तिसरा थर, वरच्या पट्टीत छोटी ओळ, समेला गप्प". काय वाजवायचं ते त्या दिवशी ठरू द्या, पण त्या थराचं काम ठरलेलं असू द्या, नाहीतर तीन थर तीन वेळा तेच करतात. तिसरा रकाना मोकळा, त्यात फक्त हद्द लिहायची: किती वेळ, आणि परत यायची खूण कोणती. मुखडा, म्हणजे समेवर आणणारी गाण्याची पहिली ओळ, ही आपली जुनी, पारखलेली खूण आहे. मोकळं सुटलात, कुठं आहात कळेनासं झालं, मुखडा पकडा, समेवर या.

एक गाणं जवळून बघू

आजीच्या तोंडची जात्यावरची ओवी घ्या. बऱ्याच ओव्यांची चाल चार-पाच सुरांतच फिरते, लूपिंगला सोन्यासारखी. समजा तुमच्याकडची चाल भूपच्या सुरांत बसते, षड्ज काळी एक, लय 96, केरवा दोनदा म्हणजे 16 मात्रा, 10 सेकंद.

सुरुवातीला लूपर नाहीच. तानपुरा आणि ओवी, बिनतालाची, मिनिटभर. लोकांना आधी माणूस दिसू द्या, यंत्र नंतर. ओवीच्या शेवटच्या अक्षरावर श्वास घ्या आणि गिटारच्या अंगावर धागेनाति नकधिन सुरू करा, पहिलं आवर्तन न रेकॉर्ड करता, लय बसवायला. मग पाय. दहा सेकंदांनी समेवर परत पाय. आता हात खाली, एक आवर्तन ऐका. लंगडतोय? आत्ताच पुसा. बसलाय? दुसरा थर, खालच्या तारेवर सा आणि प, समेला आणि नवव्या मात्रेला, बाकी जागा रिकामी. परत एक आवर्तन ऐका, पण आता ऐकता ऐकता ओवीची पहिली ओळ त्यावर म्हणा. तिसरा थर ओळीनंतरच्या जागेत, वर गंधार-पंचमाजवळची छोटी ओळ, ही त्या क्षणी सुचेल ती.

इथून पुढे तीन-चार मिनिटं मोकळी. शब्द बदला, समोर बसलेल्यांचं गाव घाला, पिंपळगावची द्राक्षं घाला, ओवीची परंपराच ती आहे, जातं फिरत असताना सुचेल ते म्हणायचं. मध्येच एकदा समेवर लूप बंद करून एक ओळ उघडी, बिनसाथीची म्हणा आणि पुढच्या समेला लूप परत चालू. हा बंद-चालूचा खेळ एका नव्या थरापेक्षा जास्त परिणाम करतो, आणि तरी लोक थरच वाढवत बसतात.

शेवट तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं. 16 मात्रांत बसणारी सोपी तिहाई अशी: पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा थांबा, परत पाच, एक थांबा, परत पाच. 5 आणि 1 आणि 5 आणि 1 आणि 5, झाले 17, सतरावी मात्रा म्हणजेच पुढची सम. समेपासून उचलायची, पुढच्या समेवर पडायची, आणि त्याच ठोक्याला पेडल बंद. बऱ्याच पेडलवर बंद करायला दोन झटपट टॅप लागतात, तेव्हा दुसरा टॅप समेवर पडेल असा सराव पाहिजे, पहिला किंचित आधी. हा शेवट इतका घोटा की झोपेतून उठवलं तरी येईल. कारण मोकळं गाताना मन कुठंही गेलेलं असू शकतं, बाहेरची वाट पायाला माहीत पाहिजे.

सुचण्याचाही रियाज असतो

जागेवर सुचतं ते आकाशातून पडत नाही. ख्यालगायक मैफिलीत जी उपज करतो ती वर्षानुवर्षं घोटलेल्या पलट्यांतून, तुकड्यांतून येते, फक्त जोडणी त्या क्षणाची असते. तुम्हीही छोटे तुकडे जमवा, एका रागातले, चार मात्रांचे, आठ मात्रांचे, आणि वेगवेगळ्या मात्रेपासून उचलायचा सराव करा. घरी चिठ्ठ्या करा: एका डब्यात ताल, दुसऱ्यात षड्ज, तिसऱ्यात लय. एकेक उचला आणि जे येईल त्यात पाच मिनिटं न थांबता काहीतरी उभं करा, मध्ये पुसायचं नाही, शेवट तिहाईनेच. वाईट झालं तरी पूर्ण करा, कारण स्टेजवरही पूर्ण करावंच लागतं. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी नको, त्या दिवशी सगळंच चांगलं नाहीतर सगळंच वाईट वाटतं.

घरून रेकॉर्ड केलेला लूप नेणं चालेल का, हे कायम विचारलं जातं. साधा ठेका किंवा एखादा भरीव सूर न्यायला माझी हरकत नाही. पण चालीचा थर, गळ्याचा थर घरून नेऊ नका. श्रोत्याला तुमच्या हातून तो थर जन्मताना बघायचा असतो, त्यासाठीच तो एकट्या माणसाला एवढा वेळ देतो, आणि तेच काढून घेतलं तर त्याला कळतं, नाव देता आलं नाही तरी कळतं.

नाशकातल्या जागा आणि त्यांच्या अडचणी

कॅफेत मिक्सर ग्राइंडर, भांडी, कॉफीचं मशीन. गळ्याचा थर टाकताना हे सगळं लूपमध्ये बसतं आणि दर दहा सेकंदांनी परत येतं. तिथं पायाचा थर माइकवरून घेऊच नका, गिटारच्या पिकअपवरूनच (गिटारमध्येच बसवलेला, तारांचा आवाज उचलणारा भाग) घ्या. गंगापूर धरणाकडच्या लॉनवर वारा असतो, माइकला फोम लावा आणि मिक्सरवर 80 ते 100 हर्ट्झखालचं कापा. गणपतीत शेजारच्या मंडळाचा नाशिक ढोल सुरू झाला तर त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्याच लयीवर मोकळं काहीतरी घ्या आणि त्या वेळात माइकवरून लूप टाकू नका.

थंडी हा आपल्याकडचा खास मुद्दा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा उघड्या लॉनवर दुपारी चारला केलेलं साउंडचेक आणि रात्री आठचा कार्यक्रम यांत वाद्यं सुरावर राहत नाहीत. थंडीत धातूच्या तारा आखडतात आणि सूर चढतो. पेडलमध्ये साठवलेला लूप मात्र दुपारच्याच सुरावर असतो. तानपुरा लूप करू नका म्हटलं ते यासाठीच, अॅपवरचा तानपुरा दोन बोटांनी वरखाली करता येतो, लूपमधला येत नाही. कार्यक्रमाआधी पंधरा मिनिटं वाद्य स्टेजवरच ठेवा आणि मग मिळवा.

लोकांच्या टाळ्या लूपमध्ये घ्यायची हौस सगळ्यांना असते, आणि ती छान वाटते, पण पुढच्या दोन रांगांच्याच घ्या. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. दहा मीटरवरच्या माणसाला तुमचा ठेका 29 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याची टाळी माइकपर्यंत यायला तेवढाच वेळ, म्हणजे जवळपास 60 मिलिसेकंदांचा फरक, केरवा ढेपाळतो. टाळ्यांचा थर सगळ्यात शेवटी, पायाच्या थरात कधीच नाही.

लाइट गेली तर? लूप गेला. काही पेडल सेव्ह केल्याशिवाय लूप लक्षात ठेवत नाहीत. म्हणून प्रत्येक गाण्याचं बिनलूपचं रूप तयार ठेवा, नुसती गिटार आणि गळा. बारक्या पेडलला चालणारी, बरोबर व्होल्टेजची आणि पोलॅरिटीची एक जास्तीची अॅडॉप्टर पिशवीत पाहिजे, तिथलं कुणाचं तरी उचलून लावू नका.

आणि उघड्यावर रात्री 10 नंतर लाउडस्पीकर सहसा चालत नाही, 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत ते स्पष्ट आहे. आपल्याकडे आधीचे कार्यक्रम लांबतात, तुमची वेळ नऊची असते आणि स्टेज मिळतो साडेनऊला. म्हणून प्रत्येक गाण्याचा सात मिनिटांचा आणि तीन मिनिटांचा असे दोन नकाशे ठेवा. तीन मिनिटांच्यात बिनतालाची ओवी अर्धी, थर दोनच, मोकळी जागा दोन आवर्तनं, तिहाई तीच.

बिघडलं तर काय करायचं

पाया लंगडा पडला असेल तर लगेच पुसा. तानपुरा चालूच आहे, त्यावर एक आलाप घ्या आणि परत सुरू करा, श्रोत्याला वाटेल असंच होतं. वरचा थर चुकला तर अंडू, पण चूक सुरेल असेल, म्हणजे सूर रागातलाच आहे पण नको तिथं पडला, तर राहू द्या, दोन-तीन आवर्तनं ऐका आणि गाताना तिला उत्तर द्या. पाय समेवर चुकला आणि लूप अर्ध्या मात्रेने लांब झाला तर मात्र काही उत्तर देता येत नाही, तो गेलाच पाहिजे, त्यावर दुसरा थर टाकायचा मोह अजिबात नको. आणि मोकळं गाताना सम हरवली तर गाणं थांबवा, लूप थांबवू नका. एक आवर्तन ऐका, मान हलवत, हसत, आणि मुखड्यावर या.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकताना अर्ध्या पानाचा तो कागद समोर ठेवा. मोकळ्या भागात एखादी ओळ खरंच चांगली पडली असेल तर ती लिहून घ्या आणि पुढच्या वेळी तिसऱ्या थराला वापरून बघा. आणि ठरलेल्या रकान्यातली एखादी गोष्ट सलग दोन कार्यक्रमांत निर्जीव वाटली तर ती खोडा, तिच्या जागी फक्त काम लिहा, सूर लिहू नका.